देणगीदार बाई

"या, या, आमच्या देणगीदार बाई!" मुख्याध्यापक म्हणाले आणि स्वतः उठून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं, म्हटलं दारात कोणी मोठी असामी उभी असेल. दारात शिपाईमामा होते, हातात ट्रे, आणि ट्रेमध्ये सोनेरी काठाचे ते कप, जे इतकी वर्षं पालकसभेला मी कपाटाच्या काचेआडच बघत आले. मग डोक्यात उजेड पडला की देणगीदार बाई म्हणजे मीच. दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या, घामाने कपाळाला चिकटलेले केस, चपलेचा अंगठा सकाळीच तुटलेला आणि पिनेने कसाबसा जोडलेला. बसताना पिशवीतला वरचा डबा टेबलाच्या कडेवर आपटला, तर सर कौतुकाने म्हणतात, "अरे वा! मुलांना खाऊसुद्धा आणलात?" तेव्हाच म्हणायला हवं होतं, अहो सर, डबे रिकामे आहेत, मी ते विकायला आलेय. एवढंच तर म्हणायचं होतं. पण तो शब्द तोंडात नव्हता. तो माझ्या तोंडातून मुद्दाम काढून घेतला होता, आणि काढून घ्यायची वर मी फी भरली होती. मी चहाचा घोट घेतला. चहा चांगला होता, त्याचाही राग आला.

शब्द काढून घेणाऱ्या म्हणजे आमच्या मोठ्या ताई. माझी काही त्या बहीण नाहीत. मला या प्लास्टिकच्या हवाबंद डब्यांच्या धंद्यात आणणारी एक बाई, तिला आणणारी दुसरी, आणि या त्यांच्याही वरच्या, म्हणून मोठ्या. त्यांचं शिबिर एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये होतं. एसी इतका कडक की सगळ्याजणी ओढण्या कानाला गुंडाळून बसलेल्या. "नातेवाईक संपले ना?" मोठ्या ताईंनी माइकवर विचारलं आणि अख्खा हॉल खो खो हसला, कारण सगळ्यांचेच संपले होते. माझे तर कधीच. मावशीने एक संच घेतला, आणि दुसऱ्यांदा फोन केला तर म्हणते, अगं, मागच्या डब्यांत भरायला काही आणलेलं नाही अजून. चुलतनणंद माझा नंबर बघून फोन मुलाकडे द्यायची आणि तो सांगायचा, आई अंघोळीला गेलीय. दुपारी चारला, संध्याकाळी सातला, बाई आपली अंघोळच करतेय. आणि माझी धाकटी बहीण, जिला मी पाठीवर घेऊन शाळेत सोडलंय, तिने एकदा मी घंटी वाजवल्यावर आतला टीव्ही बंद केला. ती आत उभी, मी बाहेर उभी, मधे दार. तिच्या बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या. त्या दिवशी जिना उतरताना मी ठरवलं होतं की आता रक्ताच्या माणसाच्या दाराला हात लावायचा नाही. म्हणून तर मी त्या गारठलेल्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसले होते. "नातेवाईक संपले की शाळा धरायची," मोठ्या ताई म्हणाल्या. "शाळेला पैसे हवेच असतात. मुलांच्या हाती आपला कॅटलॉग घरी द्यायचा. आईबाप घेतात, शेजारी घेतात, आजी घेते. विक्रीतला एक वाटा शाळेला, एक तुम्हाला. शाळेने तारीख दिली की झालं बुकिंग. पण तोंड सांभाळा हं. विकणं म्हणायचं नाही. धंदा म्हणायचं नाही. कमिशन तर नाहीच नाही. म्हणायचं, मला तुमच्या शाळेसाठी काहीतरी करायचंय." आम्ही सगळ्यांनी ते एका सुरात म्हटलं. मीही म्हटलं, घसा ताणून. घरी आरशासमोर म्हटलं. आणि सरांना फोनवर जसंच्या तसं म्हटलं. त्यांनी 'करायचंय' ऐकलं, आणि शाळेच्या कानाला जे ऐकू यायचं तेच आलं, द्यायचंय. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. मी ते असं काही लपवलं की समोरच्याला वाटलं, बाई ताक वाटायलाच आलीय.

सर खिडकीतून वाचनालय दाखवत होते. छत गळतं, पुस्तकांना बुरशी, कपाटांचे पाय कुजलेत. मी मान हलवत होते. देणगीदार बायका कशी मान हलवतात ते मला काय माहीत, मी आपली लग्नात अनोळखी पाहुण्यासमोर हलवतात तशी हलवत होते. "आणि एक गंमत सांगतो," सर म्हणाले, "आज प्रार्थना झाल्यावर मी माइकवरून सांगूनच टाकलं. तुमच्या कन्येला पुढे बोलावून घेतलं, सातवी ब ना? म्हटलं, हिच्या आई आपल्या वाचनालयासाठी भरघोस मदत करणार आहेत. सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या! पोरीचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. विश्वस्तांनाही फोन करून कळवलं लगेच." तळपायाची आग मस्तकात गेली. अरे बाबा, तुला कुणी सांगितलं होतं? एक फोन, अर्ध्या मिनिटाचा, आणि तेवढ्यावर माझ्या पोरीला व्यासपीठावर उभं केलंस? आमची ठमी. हजेरीला 'हजर' इतक्या हळू म्हणते की बाई गैरहजर लिहून मोकळ्या होतात. वाढदिवसाला कुणाला बोलावू विचारलं तर "कुणी येणार नाही गं" म्हणून पुस्तक उघडून बसते. ती तिथे सगळ्यांसमोर उभी राहिली, आणि कशासाठी, तर तिच्या आईने न दिलेल्या पैशासाठी. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ते ठाऊक होतं. इथे आयजीला पत्ताच नाही आणि बायजी माइकवर.

उठून जायला हवं होतं. गेले नाही, कारण मला ती तारीख हवी होती. घरात तसं ठरलं होतं. सहामाही परीक्षेपर्यंत एकही शाळा मिळाली नाही तर झोपायच्या खोलीतली डब्यांची खोकी बाहेर, आणि मी परत थोरल्या दिरांच्या झेरॉक्सच्या दुकानात. ते दुकान. ठमी रांगत होती तेव्हापासून मी तिथे बसले. सकाळी नवरा कामावर, पोर सासूबाईंकडे, आणि मी त्या यंत्राच्या गरम वाऱ्यात दिवसभर. लोकांचे दाखले, लोकांचे करार, लोकांच्या मेलेल्या माणसांचे कागद, पाठपोट. बोटांच्या टोकांना काळं लागायचं ते साबणाने निघायचं नाही, त्याच बोटांनी कणीक मळायची. आणि पगार? पगार शब्द काढला की दीर दुखावल्यासारखे बघायचे. "अगं, घरचंच आहे. तुला काय कमी आहे? मागशील ते मिळेल." मागायचं पण मी. साडी मागायची, ठमीचे बूट मागायचे, आईला बघायला जायचं तर गाडीभाडं मागायचं. जाऊबाई शेवटी शेवटी मला म्हणाल्या होत्या, "तू आहेस म्हणून यांना माणूस ठेवावा लागत नाही." कौतुक म्हणून म्हणाल्या त्या! मी त्या रात्री जेवले नाही. आणि आता दिरांनी दुसरं काउंटर टाकलंय, दोन खुर्च्या आणल्यात, आणि नवरा मला समजुतीच्या सुरात सांगतो, "तुझी हौस झाली ना करून? आता बस की तिथे. घरचंच आहे." हौस! मी उन्हातान्हात पिशव्या वाहते ती हौस, आणि ते बिनपैशाचं झेरॉक्स म्हणजे काम.

तेवढ्यात पालकसमितीची मंडळी आली. एक खजिनदार, कडक इस्त्रीचे, ओठ मिटून बसणारे. दुसऱ्या एक दातांच्या डॉक्टर, मुलगा दहावीत. सरांनी पुन्हा तेच, या आमच्या देणगीदार बाई. डॉक्टरबाईंनी माझा हात हातात घेतला. "किती छान! हल्ली कोण करतं हो इतकं?" आणि माझ्यातलं काहीतरी तुटलं, चपलेच्या अंगठ्यासारखंच, पट्‌कन. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मी देणगी द्यायला आलेले नाही. डबे विकायला आलेय. शाळेला त्यातला वाटा मिळतो." सर हसत होते ते हसतच राहिले, फक्त डोळ्यांतलं हसू गेलं. मग मी थांबलेच नाही. पिशवीतून डबा काढला, टेबलावरच्या जगमधलं पाणी त्यात ओतलं, झाकण लावलं, कोपरा उचलून आतली हवा काढली, आणि डबा उलटा केला, बरोबर खजिनदारांच्या कागदांवर. ते "अहो, अहो!" करत खुर्चीसकट मागे सरकले. थेंब पडला नाही. पडणारच नव्हता. डॉक्टरबाईंनी डबा माझ्या हातातून घेऊन स्वतः उलटा करून बघितला, हलवून बघितला. "हा निळ्यात येतो का?" त्यांनी विचारलं. मी कॅटलॉग उघडून दिला, पद्धत समजावली, मुलं दारोदार फिरणार नाहीत, फक्त घरी दाखवतील, हेही सांगितलं. पंधरवड्यात मागण्या गोळा, मग माल शाळेत, मी स्वतः वर्गवार लावून देईन. चांगलं बोलत होते मी. माझं मलाच कळत होतं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांशी बोललेय, फुकट का असेना.

"ते सगळं ठीक आहे," खजिनदार म्हणाले. कागद सारखे केले, चष्मा वर ढकलला. "पण यात तुमचं किती सुटतं?"

सुटतं. काय शब्द आहे बघा. जणू कुठे तरी घट्ट बांधून ठेवलेलं असतं आणि मी हळूच गाठ सोडून काढून घेते. विचारायला हरकत काहीच नव्हती, समितीने विचारावंच. पण विचारताना त्यांनी डॉक्टरबाईंकडे बघून जे बारीकसं हसू ओठांवर आणलं ना, ते माझ्या ओळखीचं होतं. मावशीच्या तोंडावर बघितलेलं, शेजारणीच्या तोंडावर बघितलेलं. पकडली की नाही बाईला, असं ते हसू. मोठ्या ताईंनी याचंही उत्तर पाठ करून घेतलं होतं, मान तिरकी करून म्हणायचं, "अहो, माझं काय घेऊन बसलात, मुलांचा आनंद बघा." ते ओठापर्यंत आलं. गिळलं. आणि माझा वाटा किती तो सरळ सांगून टाकला. "एवढा?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "एवढा," मी म्हटलं. सर पुढे झुकले, आवाजात मध. "बाई, असं बघा. तुमची मुलगी इथे शिकते. तुम्ही काय परक्या आहात का? आपलीच शाळा आहे. तुम्ही तुमचा वाटा सोडून दिलात तर आजच तारीख देतो." घ्या. दुकान सोडून इतक्या लांब चालत आले, तर इथेही थोरले दीरच बसलेले, फक्त टाय लावून. "गणवेशवाल्याला विचारलंत कधी, त्याचं किती सुटतं?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, चढू दे. "फोटोवाला दर वर्षी येतो, मुलांना उभं करून फोटो काढतो आणि वाटेल ते घेतो. बसवाल्याला म्हणालात कधी, आपलीच शाळा आहे, डिझेल तुझं घाल?" "त्यांचा तो धंदा आहे," खजिनदार म्हणाले. "माझाही धंदाच आहे." निघाला एकदाचा शब्द. मोठ्या ताई असत्या तर तिथेच चक्कर येऊन पडल्या असत्या. सरांनी घड्याळ बघितलं. "विचार करून कळवतो," ते म्हणाले. विचार करून कळवतो म्हणजे काय ते विकणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. मी डब्यातलं पाणी त्यांच्या कुंडीत ओतलं, डबा पुसला, पिशव्या उचलल्या.

व्हरांड्यात मधली सुट्टी फुटली होती. नुसता गलका. ठमी धावत आली, धापा टाकत, आणि तिच्यामागे चारपाच मुली, ज्यांची नावं मी घरात कधी ऐकली नव्हती. तिने माझ्या हातातल्या पिशवीचा एक बंद धरला. "ठरलं, आई?" तिचे गाल लाल झाले होते. मी त्या मुलींना म्हटलं, जा गं जरा, मला हिच्याशी बोलायचंय, आणि तिला कठड्यापाशी घेऊन गेले. "हे बघ, मी देणगीबिणगी काही देणार नव्हते. डबे विकायला आले होते. सरांचा गैरसमज झाला." तिने मान खाली घातली. "माहितेय." "काय माहितेय?" "तू कशी देशील देणगी? मला तिथे उभं असतानाच कळलं." "मग सांगायचं नाही का सरांना?" "सगळे टाळ्या वाजवत होते ना." ती पिशवीच्या बंदाला पीळ देत म्हणाली, "आज छोट्या सुट्टीत डबा खायला त्यांनी मला मधे बसवलं, आई." एवढं म्हणून ती मागे त्या मुलींकडे बघून हसली, आणि मुलींनी हात हलवला. इतका राग मला उभ्या जन्मात आला नव्हता. पोरीवर काढावा तर ती काय चुकली? त्या मुलींवर काढावा तर त्याही पोरीच. एका माणसाने विचारायची तसदी न घेता माइक हातात धरला, आणि माझ्या मुलीला मैत्रिणी मिळाल्या, उसन्या. आज ना उद्या कुणीतरी विचारणार, काय गं, छताचं काय झालं? मग हीच मुलगी एकटी बाकावर बसून डबा खाणार, आणि वरून खोटारडी ठरणार. सरांना कोणी खोटारडं म्हणणार नाही. सरांचा नुसता गैरसमज झालेला असणार. मी तिचं मनगट धरलं आणि परत फिरले.

दार न वाजवता आत गेले. तिघे तिथेच होते, बिस्किटं फोडली होती. "सर, उद्या प्रार्थनेला माइकवरून सांगा, देणगी नव्हती, तुमचा गैरसमज झाला." "अहो, एवढं काय त्यात?" सर म्हणाले. "मुलं विसरून जातात." "विश्वस्तही विसरतील का?" त्यांच्या हातातलं बिस्किट चहाच्या वर थांबलं. "तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते. प्रार्थनेची वेळ मला माहीत आहे, सोडायला मीच येते रोज." खजिनदारांनी सरांकडे बघितलं, सरांनी खजिनदारांकडे. मग सर एकदम प्रेमळ झाले. "बसा, बसा. मार्ग काढू. असं करू या, तुमची तारीख घेऊ. वाटा तुमचा तुम्हाला, आमचा आम्हाला. फक्त आमच्या वाट्याला आपण तुमची देणगी म्हणू. म्हणजे माझा शब्द राहिला, मुलीचा मान राहिला, तुमचंही काम झालं. कुणाचं काय गेलं?" खरंच, कुणाचं काय जात होतं? तारीख मिळत होती. दुकानातली ती दुसरी खुर्ची रिकामी राहणार होती. फक्त मी पुन्हा भांडं पदराखाली घ्यायचं. ठमी माझ्या कोपराला धरून कुजबुजली, "हो म्हण ना, आई." मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर म्हटलं असतं हो. "तारीख लिहा," मी सरांना म्हटलं, "आणि माइकवर जे आहे ते सांगा. हिची आई डबे विकते. विक्रीतला वाटा शाळेला मिळेल आणि तिचा तिला." "हट्ट कशाला करता?" खजिनदार म्हणाले. "लिहा हो तारीख," डॉक्टरबाई मधेच वैतागून म्हणाल्या, "वाचनालय तर व्हायलाच हवंय. आणि मला तो निळा संच घ्यायचाच आहे." सरांनी सुस्कारा सोडला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले आणि दिवाळखोराने सही करावी तशा चेहऱ्याने एका शनिवारावर गोल काढला. "आई, माइकवर नको ना," ठमी आता मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. वर्गात तिचा हा आवाज कुणी कधी ऐकला नसेल. "सांगा," मी म्हटलं.

बाहेर आलो. माझं पहिलं बुकिंग झालं होतं. नवऱ्याला सांगायचं होतं, दिरांना तर आधी सांगायचं होतं, माणूस ठेवा म्हणून. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मी बरोबर केलं, शंभर वेळा हेच करीन. "बरोबर केलं ना मी?" मी ठमीला विचारलं. तिने पिशवीचा बंद सोडला. "मी वर्गात जाते," ती म्हणाली. त्या मुली डाव्या हाताला जिन्यापाशी तिची वाट बघत घोळक्याने उभ्या होत्या, एकीने तिला हाकही मारली. ठमी उजवीकडे वळली आणि भिंतीला धरून धरून चालत गेली. तिकडे वर्ग नाहीत. तिकडे नुसते पाण्याचे नळ आहेत.